रविवारची गाठ

आमच्या घरामागच्या भिंतीत सात नळ्या आहेत. पावसाळ्यात त्यांच्याकडे कसं बघायचं, हे मला बाराखडीच्या आधी शिकवलं गेलं. नळीतून पाणी स्वच्छ येत असेल तर निवांत झोपायचं. गढूळ आलं तर एक डोळा उघडा ठेवायचा. आणि वर धो धो पाऊस असताना नळी कोरडी दिसली तर हातातलं टाकून घराबाहेर पडायचं, कारण बाहेर न येणारं पाणी भिंतीच्या मागे साठत असतं. बाबा गवंडी होते, भिंत त्यांनीच बांधलेली. डोंगराचा उतार कापून घरापुरती जागा केली आणि कापलेला डोंगर अंगावर येऊ नये म्हणून त्याला दगडांनी अडवलं. वेल्हे तालुक्यात मार्गासनीच्या पुढे गाडीरस्ता सोडून वर चढलं की आमची वाडी लागते. तिथलं शेवटचं घर आमचं, आणि घरामागे ही भिंत.

बाबा मूळचे नगरकडचे. तरुणपणी बंधाऱ्याच्या कामावर इकडे आले आणि इथलेच झाले. बोलणंसुद्धा इथलंच झालं. वाडीत आम्ही एकटेच कॅथलिक. महिन्यातून एकदा पुण्याकडून फादर यायचे, आमच्या पडवीत मिस्सा व्हायची, पानशेतच्या बाजूचं एक कुटुंब आणि भोरची दोन, एवढी माणसं जमायची. बाकीच्या रविवारी सकाळी नऊ वाजता बाबाच प्रार्थना घ्यायचे. आई, मी आणि ते, अशी तिघांची आमची मंडळी.

पण आमचा रविवार नऊला सुरू होत नसे. तो शनिवारी संध्याकाळी सुरू व्हायचा. बाबा कामावरून आले की थापी, हातोडी आणि ओळंबा स्वच्छ धुवायचे, तेलाचं बोट फिरवायचे, एका जुन्या पंच्यात गुंडाळायचे आणि वर गाठ मारायचे. ते गाठोडं खुंटीला लागलं की "गाठ पडली" म्हणायचे. ती सोमवारी सकाळी सुटायची. मधल्या काळात घरात कुणी काय करायचं आणि काय नाही, याची बाबांची स्वतःची घटना होती.

त्या घटनेची कलमं मला अजून पाठ आहेत. ओढ्यात हाताने खेकडे धरायला हरकत नाही, जाळं लावायचं नाही. पेरू तोडून खायचा, पाटी भरायची नाही. झाडाला पाणी घालायचं, नवं रोप लावायचं नाही. पत्ते चालतील. आजाऱ्याला भेटायला जाणं तर फार चांगलं. टीव्हीवर क्रिकेट चालायचं. मैदानावरचे लोक रविवारी काम करतायत, तो ज्याचा त्याचा प्रश्न. आणि दुपारची झोप तर बाबांच्या हिशेबात प्रार्थनेच्या खालोखाल होती.

आईला या घटनेत कलमच नव्हतं. चूल पेटवायची, भाकरी थापायच्या, रविवारी हमखास येणाऱ्या पाहुण्यांचा चहा करायचा, भांड्यांचा ढीग घासायचा, यातलं काही काम नव्हतं. मी एकदा विचारलं, तर बाबा म्हणाले, "ते काम न्हाई, ती सेवा हाय." आई चुलीपाशी बसून म्हणाली, "मग आज तुमी करा की सेवा." बाबा हसले आणि खरंच भांडी घासायला बसले. अर्धी घासली आणि झोपायची वेळ झाली म्हणून उठले.

सहावीत असताना एका रविवारी दुपारी माझ्या शाळेच्या फ्रॉकचं बटण तुटलेलं लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी शाळा. मी दाराशी उजेडात बसून बटण लावलं. चांगलं लावलं होतं, चार भोकांतून नीट फुली घालून. बाबा झोपेतून उठून आले, माझ्या हातातली सुई बघितली आणि म्हणाले, "उसव." मला वाटलं गंमत करतायत. त्यांनी पुन्हा तेवढाच शब्द उच्चारला आणि मी शेवटचा दोरा ओढेपर्यंत समोर उभे राहिले. सोमवारी मी सेफ्टी पिन लावून शाळेत गेले. मधल्या सुट्टीत पिन उघडली आणि छातीत टोचली, पण मी रडले ती त्यासाठी नाही. बटण मला लावता येत होतं आणि तरी मी पिन लावून आले होते, याचा मला भयंकर संताप आला होता.

आज मी भोरमध्ये कपडे शिवते. लग्न होऊन तिथे गेले, मशीन घेतली, ब्लाउजला माझा हात चांगला म्हणून बायका लांबून येतात. आणि रविवारी मी मशीनला हात लावत नाही. लग्नसराईत गिऱ्हाइकं तोंडावर बोलतात, नवरा म्हणतो निदान काजबटणं तरी कर, तरी नाही. राग बाबांवर, आणि पाळते त्यांचंच. माझं मलाही हे कधी समजलेलं नाही.

आता वाडीच्या सोमवारचं सांगायला हवं, कारण त्याच्यावाचून पुढचं घडलंच नसतं. आमच्या वाडीत श्रावणातल्या सोमवारी जमिनीला लोखंड लावत नाहीत. नांगर नाही, कुदळ नाही, खुरपंसुद्धा नाही. असं का, ते कुणाला विचारलं तर सांगता येणार नाही. आमचं असं काही नव्हतं, पण बाबा तोही दिवस पाळायचे. शेजारच्या घरातले काका म्हणजे वाडीतले जुने शेतकरी. ते रविवारी कधी आमच्याकडे पहार किंवा घमेलं मागायला आले नाहीत. घरात अडलं तरी नाही. बाबांना त्याची फार कदर होती. ते म्हणायचे, "गाव आपला वार पाळतंय, आपण गावाचा पाळायचा." मला हे ऐकायला बरं वाटायचं. श्रावणात आमच्याकडे असे सलग दोन दिवस माती शांत पडून असायची. बाबांना त्यात शोभा दिसायची. त्यात धोकाही आहे, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

तीन वर्षांपूर्वीचा श्रावण. मी शनिवारी संध्याकाळी माहेरी पोचले तेव्हा पावसाला आठ दिवस झाले होते. थांबून थांबून पडणारा नव्हे, एकाच लयीत, एकाच आवाजात. घरात सगळ्या वस्तूंना दमट वास येत होता. जाताना मी एका गिऱ्हाइकाचा ब्लाउज पिशवीत घेतला होता. फक्त हूक लावायचे राहिले होते, सोमवारी सकाळी तिला गावाला जायचं होतं. चहा पिऊन मी सुईत दोरा ओवला आणि नेमके बाबा गाठोडं खुंटीला लावत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "गाठ पडलीय."

मी पंचेचाळीस वर्षांची बाई. माझ्या स्वतःच्या मुली कॉलेजात. मी ब्लाउजची घडी घातली, पिशवीत ठेवला आणि रात्रभर त्या सहा हुकांवर धुमसत राहिले.

रविवारी सकाळी प्रार्थनेला बसलो. माळ बाबांच्या हातात होती. मधेच ते थांबले, मणी चुकले, मागे गेले, पुन्हा चुकले. माझ्या उभ्या आयुष्यात बाबा माळेत चुकलेले मी पाहिले नव्हते. त्यांचं लक्ष मागच्या दाराकडे होतं. प्रार्थना कशीबशी संपली आणि ते टोपीसुद्धा न घालता मागे गेले. मीही गेले. सहा नळ्यांतून पाणी येत होतं, जरा लालसर, पण येत होतं. तिसरीतून मात्र चिखलच येत होता. नुसता रंग नाही, बारीक खडेसुद्धा.

बाबांनी भिंतीला तळहात लावला, तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा. मग आत आले, खुंटीवरचं गाठोडं काढलं आणि गाठ सोडली.

आईचा हात परातीतल्या पिठात तसाच राहिला. तिने माझ्याकडे बघितलं. आमच्या घरात रविवारी ती गाठ कधी सुटलेली नव्हती. लहानपणी मला वाटायचं, सुटली तर वरून काहीतरी कोसळेल. बाबांनी ओळंबा काढला, भिंतीच्या माथ्यापासून दोन बोटं पुढे धरून दोरी सोडली. भिंत सरळ असेल तर तेवढं अंतर सोडून दोरी खालपर्यंत सुटी लोंबायला हवी. ती कमरेइतक्या उंचीवर दगडाला टेकली.

"पोट सुटलंय भितीला," बाबा म्हणाले. आवाज साधाच होता. त्याचीच मला जास्त भीती वाटली. "वरचा चर बुजला आसंल. डोंगराचं सगळं पाणी हितं उतरतंय. तेवढा मोकळा केला की भार कमी हुईल. दुपारपातुर हुतंय."

चर म्हणजे भिंतीच्या वरच्या अंगाला खणलेली नाली, डोंगरावरून येणारं पाणी बाजूला वळवणारी. बाबांनी दारामागची कुदळ उचलली. मी उंबऱ्यात चहाचा कप घेऊन उभी होते. त्यांना जायला वाट देऊन मी बाजूला सरकायला हवं होतं. खरं म्हणजे दुसरी कुदळ घेऊन त्यांच्या मागे जायला हवं होतं. मी सरकले नाही. अगदी गोड आवाजात म्हणाले, "बाबा, गाठ पडलीय ना?"

बाबा थांबले. माझ्या तोंडाकडे बघितलं. मग कुदळ जागेवर ठेवली, ओळंबा पंच्यात ठेवला, गाठ मारली आणि नेहमीपेक्षा जोरात ओढली. "व्हय," म्हणाले. "आज रविवार."

"अवं, तेवढं करून या की," आई म्हणाली.

"न्हाई."

आणि मला आनंद झाला. हे लिहिताना लाज वाटते, पण झाला. सहावीतल्या त्या बटणापासून मी ज्याची वाट बघत होते, ते मला मिळालं होतं. मी चहा संपवला, कप विसळला. बाबा पडवीत खुर्चीवर बसले, आणि दिवसभर तिथे बसून होते. त्या रविवारी ते दुपारी झोपले नाहीत. चारच्या एसटीने मी निघाले. वाडीच्या वळणावरून मागे बघितलं तर घर दिसत होतं आणि घरामागे डोंगर, नेहमीपेक्षा जवळ आल्यासारखा.

सोमवारी सकाळी मी भोरहून फोन केला. "तिसरी कशी आहे?"

"गढूळच."

"मग आज तरी चर काढा."

"आज सोमवार," बाबा म्हणाले. "गाव लोखंड लावत न्हाई."

"बाबा, ते त्यांचं आहे. आपलं नाही."

"चाळीस वर्सं त्येंनी आपला रविवार पाळला. म्या त्येंचा सोमवार मोडू व्हय?"

काका स्वतः म्हणाले असते, खुशाल कर म्हणून. पण त्यांना विचारायला कुणी गेलं नाही. विचारणं म्हणजे त्यांना पेचात टाकणं, असं बाबांना वाटलं असणार. मी दिवसभर शिवत होते आणि चुकत होते. एका बाहीचा वरचा भाग खाली लावला, उसवला, पुन्हा तसाच लावला.

संध्याकाळी आईचा फोन आला. आवाज हलका होता. "काळजी करू नगं. तिसरीचं पानी थांबलं बघ."

माझ्या हातातली कात्री मशीनवर पडली. "पाऊस थांबलाय का, आई?"

"न्हाई गं, पाऊस हायेच की. नळी तेवढी कोरडी झालीय."

मी तिला ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा आईला ओरडले. घर सोडा, काकांच्या पडवीत जा, आत्ताच्या आत्ता. मग बाबांनी फोन घेतला. ते बाहेर जाऊन तेच बघून आले होते. "निगालोय आमी," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

मंगळवारी उजाडल्या उजाडल्या बाबा पहार घेऊन भिंतीकडे गेले. काका त्यांच्या मागे होते, थांब म्हणत होते, चार माणसं जमू दे म्हणत होते. बाबांना सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं की अशा भिंतीखाली जायचं नसतं. पण आता वरचा चर मोकळा करून उपयोग नव्हता, पाणी आधीच आत होतं. कडेला उभं राहून, हात लांब करून, पहारीने तिसरी नळी मोकळी करायची, म्हणजे आतलं पाणी निघून जाईल, असं त्यांनी ठरवलं. पहार दोनदा घातली. तिसऱ्यांदा घातली आणि भिंतीचं पोट फुटलं. मागची खोली गेली, न्हाणी गेली. बाबा कडेला होते म्हणून वाचले. पहार धरलेला उजवा हात तेवढा दगडांखाली सापडला. काकांनी आणि वाडीतल्या माणसांनी दगड काढले. पुण्याला डॉक्टरांनी तो हात कोपराखाली काढला.

घरी आल्यावर बाबांना बघायला लोक यायला लागले, आणि मग माझी खरी शिक्षा सुरू झाली. प्रत्येकाला बाबा तेच सांगायचे. "मला मोह झाला हुता. रविवारी कुदळ उचलली हुती म्या. पर माज्या लेकीनं आठवण केली. मोडू दिला न्हाई तिनं रविवार." लोक माझ्याकडे कौतुकाने बघायचे. मी चहाचा ट्रे घेऊन उभी असायचे. कुणी म्हणायचं, संस्कार हो, दुसरं काय. एका बाईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला वाटायचं, यापेक्षा बाबांनी वाडीसमोर माझ्या कानाखाली काढावी.

पुढच्या महिन्यात फादर आले. मिस्सा झाल्यावर बाबांनी त्यांनाही सांगितलं. फादर तरुण होते, स्वभावाने मऊ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काका, तसं काम रविवारी चालतं. जिवाचा प्रश्न असला, घराचा असला, तर करायलाच हवं. देवाने विसावा दिलाय तो माणसासाठी दिलाय." त्यांनी हे बाबांना बरं वाटावं म्हणून सांगितलं असेल. मी बाबांकडे बघत होते. मला वाटलं, आता त्यांना कळेल की आपला हात फुकट गेला, आणि कुणामुळे गेला तेही कळेल.

बाबा म्हणाले, "ठावं हाय, फादर. ल्हानपनीच शिकवलंय मला."

त्या दिवसानंतर त्यांनी ती गोष्ट कुणालाही सांगितली नाही. मी मात्र ते वाक्य घेऊन भोरला गेले आणि मशीनवर बसून त्याच्यावर विचार करत राहिले. ठाऊक होतं, तर मग कुदळ खाली का ठेवली?

वाडीने मिळून भिंत पुन्हा उभी केली. बाबा खुर्चीत बसून सांगायचे, हा दगड असा नको, तो आडवा घाल, नळी पुढे उतरती ठेव. कामाला एकही माणूस कधी रविवारी आला नाही. बाबांचा वार म्हणून. खुंटीवरचं गाठोडं खुंटीवरच राहिलं. त्याच्यावर जी गाठ होती ती त्या रविवारी मारलेली, त्यांच्या उजव्या हाताने मारलेली शेवटची. आई तिच्यावरची धूळ झटकायची, पण कुणी ती सोडली नाही. बाबांना आता सगळे वार सारखेच होते. शनिवारी संध्याकाळी ते एकदा खुंटीकडे बघायचे आणि मान फिरवायचे.

यंदाच्या श्रावणात मी पुन्हा माहेरी गेले. पाऊस होता, त्या वेळेइतका नाही, पण चार दिवस उघडीप नव्हती. रविवारी प्रार्थना झाल्यावर मी बाबांचे तीन सदरे घेतले, दाराशी उजेडात बसले आणि त्यांची बटणं काढून टिचबटणं लावायला लागले. डाव्या हाताने त्यांना काज सापडत नाही, आई रोज लावून देते, आणि ते त्या वेळी डोळे मिटून घेतात. हे काम मी घरून करून आणू शकले असते. मी मुद्दाम रविवार धरला, मुद्दाम त्यांच्या समोर बसले. ते "उसव" म्हणतात का, हे मला बघायचं होतं. म्हणाले असते तर मी उसवलं असतं.

ते खुर्चीत बसून माझ्या सुईकडे बघत राहिले. दुसऱ्या सदऱ्यावर मला राहवेना.

"बाबा, त्या दिवशी मी रविवारसाठी नव्हते बोलले," मी म्हणाले. "रागाने बोलले होते. आदल्या दिवशीच्या हुकांचा राग. बटणाचा राग."

"ठावं हाय," बाबा म्हणाले.

"कधीपासून?"

"तवाच. तुजं तोंड दिसत हुतं की मला."

बाबांनी सदऱ्याची रिकामी बाही मांडीवर सरळ केली. "म्या पन रविवारासाठी न्हाई ठिवली कुदळ," ते म्हणाले. "म्हटलं, लेक टोमना मारती का? मग न्हाईच करत. पडू दे भित. आयुष्यभर लोकास्नी जे सांगितलं, ते लेकीनं तोंडावर मारलं, त्याचा राग आला मला. देवाचा त्यात काय संबंध न्हवता. लोकास्नी मातर म्या देवाचं नाव सांगितलं."

माझ्या हातात सुई तशीच होती. एवढी वर्षं मी एकटीने वाहिलेलं ओझं अर्धं त्यांच्याकडे होतं, हे कळून हलकं वाटायला हवं. वाटलं नाही. दोन हट्टी माणसांनी एका सकाळी देवाला मधे उभं करून आपसात भांडण केलं, आणि तिकडे भिंतीमागे पाणी चढत होतं.

मग बाबांनी मान वळवली. मागच्या दाराकडे बघत होते, अगदी त्या दिवशी माळ हातात असताना बघत होते तसे. "नळ्या बघितल्या का आज?"

मी नव्हत्या बघितल्या. आम्ही दोघं मागे गेलो. पाऊस पडत होता. सहा नळ्यांतून पाणी येत होतं. तिसरी कोरडी होती. मी बोट घालून बघितलं, आत ओलसुद्धा नव्हती.

"लांब हो," बाबा म्हणाले. "वळंबा आण."

मी आत जाऊन खुंटीवरचं गाठोडं काढलं. गाठ आवळून दगड झाली होती, नखाने सुटेना. सुई घातली, हळूहळू एकेक पीळ सैल केला. आई बघत उभी होती. ओळंबा निघाला, त्याच्यावरचं तेल वाळून चिकट झालं होतं. बाबांनी कडेला उभं राहून डाव्या हाताने तशीच दोरी सोडली. ती भिंतीला टेकली नाही. दोन बोटांचं अंतर होतं.

"आजून पोट सुटलं न्हाई," ते म्हणाले. "पर सुटंल." मग त्यांनी मला विचारलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडून उत्तर हवं असल्यासारखं विचारलं. "आज करायचं का मंगळवारी?"

"आज."

"मग आईला काकांकडं पोचीव आदी. भितीखाली यायचं न्हाई. डाव्या अंगानं वर चढ आन् चर धर. पोट सुटलं न्हाई तवर चराचा उपेग हाय, वरनं गाळ यायचा थांबला की नळी बी सुटंल."

आईला सोडून आले, कुदळ घेतली आणि डाव्या बाजूने वर गेले. चर पाला आणि मातीने काठोकाठ भरला होता, डोंगराचं पाणी त्याच्यावरून सरळ भिंतीमागे उतरत होतं. मी खणायला लागले. हात सुईचे, कुदळीचे नाहीत. थोड्याच वेळात तळव्यांना फोड आले. खाली बाबा कडेच्या दगडावर उभे होते, नजर तिसऱ्या नळीवर. मी मधेमधे विचारत होते, "आलं का?" आणि ते "न्हाई" म्हणत होते. नंतर मी विचारायचं सोडून दिलं. काकांच्या घरातून कुणीतरी आमच्याकडे बघत होतं. रविवारी आमच्या घरात कुदळीचा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता.

पाणी चरातून बाजूला वळायला लागलं तेव्हा दुपार होत आली होती. मी कंबर सरळ केली, कुदळीवर रेलले.

"आलं," खालून बाबा म्हणाले. "गढूळ हाय, पर आलं."

मी तशीच उभी होते, दम घेत.

"थांबू नगं," ते म्हणाले.